पंख्याखालची खाट

उत्कर्षच्या वडिलांना दुपारी कोणीतरी येऊन तेल लावून गेलं. कपाळाला आणि दोन्ही तळहातांना. उत्कर्ष तिथेच होता. खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून तो मोबाईलवर एका माणसाच्या वाढदिवसाच्या बॅनरमधली गळ्यातली साखळी जरा जाड करत होता, आणि 'पेशंट हेच का?' असं तेलवाल्यानं विचारल्यावर मान वर करून 'हो, हेच' असं त्यानंच सांगितलं होतं. मग शुभांगी सिस्टर इंजेक्शनांचा ट्रे घेऊन आली, शेजारच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या पास्कल सरांकडे बघून म्हणाली, "भेटले काय सरांले त्यायचे चर्चचे फादर? मीच सांगितलं त्यायले, सात नंबरवर जा म्हणून." आणि उत्कर्षनं मोबाईल खाली ठेवला.

सात नंबरवर त्याचे वडील होते. सात नंबर ही पंख्याखालची खाट. कारंज्यातल्या त्या दवाखान्याच्या पुरुषांच्या वॉर्डात पंखे पुष्कळ होते, पण फिरणारा एकच होता, आणि त्याच्याखाली पास्कल सर होते. वडिलांना ताप चढला की ते भिजून जात, गादीवर त्यांच्या आकाराचा नकाशा उमटायचा. ते बघून सर परवा म्हणाले, "माणिकराव, तुमी या इकडं. मले हवा सोसत नाही." हवा सोसत नाही असं म्हणणारा हा माणूस त्यानंतर दिवसभर एक्स-रेच्या पाकिटानं स्वतःला वारा घालत होता. खाटा बदलल्या, माणसं बदलली, खाटांचे आकडे मात्र भिंतीवर होते तिथेच राहिले, आणि रजिस्टरात सर सातवरच राहिले. सिस्टरला चेहरे पाठ होते, त्यामुळे गोळ्या ज्याच्या त्यालाच जात होत्या. आकडे लागतात ते बाहेरून येणाऱ्याला. आणि बाहेरून येणारा दुपारी येऊन गेला होता.

आता तो 'हो' आपण का म्हणालो, हे उत्कर्षनं स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर सोपं होतं. वॉर्डात कोणीही आलं की हो म्हणायचं असतं. नेत्याचा वाढदिवस असला की केळी येतात, नेत्याच्या पोराचा असला की बिस्किटं. सोमवारी आलेल्या केळीवाल्यांच्या बॅनरवरचा 'कार्यसम्राट' हा शब्द उत्कर्षनंच दुकानात बसून सोनेरी केला होता. पेशंट हेच का, हो हेच, फोटो काढतो, काढा. नाही म्हणणारा पेशंट वॉर्डात कोणी पाहिलेला नाही. त्यात उत्कर्षच्या डोक्यातला फादर पिक्चरमधला होता, पांढऱ्या दाढीचा, पायघोळ काळ्या झग्याचा, ज्याच्यामागे ढग गडगडतात. आलेला माणूस त्याच्याच वयाचा होता. फुलपँट, चेकचा शर्ट, पाठीवर सॅक, उन्हानं लाल झालेलं नाक. त्यानं सॅकमधून जांभळ्या कापडाची अरुंद पट्टी काढली, तिचं चुंबन घेतलं, गळ्यात घातली. उत्कर्षला वाटलं संस्थेचा पट्टा असेल, सगळ्यांचे असतात. मग एक छोटीशी धातूची कुपी उघडून त्यानं अंगठा बुडवला आणि वडिलांच्या कपाळावर आडवी-उभी रेघ ओढली, तोंडानं काहीतरी हळू म्हणत. वडिलांना ऐकू कमी येतं. ते अर्धवट जागे झाले, समोर माणूस आहे म्हणून हात उचलून 'जय भीम' म्हणाले. त्या माणसानं अदबीनं मान लववली, 'जय भीम' म्हटलं आणि पुढचं चालू ठेवलं. शेवटी त्यानं दुसऱ्या डबीतून एक पांढरी पातळ चकती काढली, तेव्हा वडील म्हणाले, "आत्ताच घेतली गोळी." चकती परत डबीत गेली. त्यानं डोळे मिटून क्षणभर हात जोडले, घड्याळ पाहिलं आणि स्टँडकडे पळाला. उत्कर्षनं साखळी आणखी थोडी जाड केली.

हे सगळं आता त्याच्या डोक्यात उलट्या बाजूनं चाललं होतं, बॅनर मशीनमध्ये परत आत गेल्यासारखं. सिस्टर इंजेक्शन भरताभरता हळू आवाजात सांगत होती की डॉक्टरांनी सरांच्या पोरीला मस्कतला फोन लावला, येता येत असेल तर या म्हणून. "आता मस्कतहून काय अशी येते ती. म्हणून सर सकाळपासून फादर, फादर करून राह्यले. ते तेल लावलं की त्यायच्यात माणूस सुखानं जाते म्हणते. झालं, बरं झालं." 'झालं नाही' हे शब्द उत्कर्षनं गिळले. सरांचं कपाळ इथून दिसत होतं. कोरडं होतं. घामाचा एक थेंबसुद्धा नव्हता, आणि हे चांगलं लक्षण नाही हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. वडिलांचं कपाळ मात्र पंख्याखाली चमकत होतं. फोटोत असं कपाळ आलं की तो आधी त्याची चमक काढून ते मॅट करतो.

नंबर सिस्टरकडेच होता, सरांच्या साध्या फोनमधून तिनंच सकाळी लावला होता. त्या फोनमध्ये 'फादर जुने' आणि 'फादर नवीन' अशी दोन नावं होती. जुने वारले होते, पण सरांनी नंबर काढलेला नव्हता. उत्कर्ष व्हरांड्यात गेला आणि नव्यांना फोन लावला. मागे ढोल, भोंगे, कुणीतरी माईकवरून हरवलेल्या म्हातारीचं नाव सांगत होतं. "बोला, मी फादर जोबी," आवाज म्हणाला. मराठी शिकलेलं होतं, पुस्तकातून आणि मनापासून.

"फादर, तुमी दुपारी ज्यायले तेल लावलं ते माह्ये पप्पा होते."

"अच्छा. ते बरे आहेत का?"

"बरे हायेत. पण ते तुमचे नाहीत."

उत्कर्षनं खाटांची गोष्ट सांगितली. सांगताना त्याला कळलं की ही गोष्ट कशीही सांगितली तरी विनोदीच होते, आणि हे फार वाईट होतं. "मी चुकीच्या मनुष्याला अभ्यंग केले," फादर शेवटी म्हणाले, जणू धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर. उत्कर्षनं विचारलं, वडिलांवरचं परत काढता येतं का. तर नाही. मग वडील आता ख्रिश्चन झाले का. तर तेही नाही, त्याला आधी बाप्तिस्मा लागतो, बाप्तिस्म्याशिवाय हा संस्कार कोणाला लागूच होत नाही. "म्हणजे ते तेल कोणालेच नाही लागलं?" उत्कर्षनं विचारलं. "तसेच," फादर म्हणाले. मग त्यानं विचारलं, मी लावू का, मेडिकलमधून बाटली आणतो, तुम्ही फोनवर म्हणा. नाही, तेल बिशपांनी आशीर्वाद दिलेलं लागतं आणि लावणारा फादरच लागतो. मग मी काय करू शकतो? फादर म्हणाले की अगदी मरणाच्या दारात कोणी असेल आणि त्याची इच्छा असेल तर बाप्तिस्मा मात्र कोणीही देऊ शकतं, ख्रिस्ती नसलेलासुद्धा, साधं पाणी पुरतं. "पण सरांचा झालेला असेल," उत्कर्ष म्हणाला. "हो, वसईला, लहानपणीच," फादर म्हणाले. म्हणजे उत्कर्षला जे करायची परवानगी होती ते सत्तर वर्षांपूर्वीच कोणीतरी करून ठेवलेलं होतं.

फादर दिग्रसकडे निघालेल्या बसमध्ये होते. बस मानोऱ्याच्या पुढे पोहरादेवीच्या यात्रेत शिरली होती आणि आता ना पुढे सरकत होती ना मागे. "मी परत येतो," ते म्हणाले. "कसे ते ठाऊक नाही, पण येतो. तोवर सरांना सांगा, मनातल्या मनात, पूर्ण मनाने देवाची क्षमा मागा. तेही देवाला पोहोचते. देव बसमध्ये अडकलेला नाही. मीच अडकलेलो आहे." हे वाक्य उत्कर्षला आवडलं, आणि मग ते सरांना जाऊन सांगायचं आहे हे लक्षात आल्यावर आवडेनासं झालं. ज्या माणसानं आपल्या बापाला पंखा दिला, त्याला त्या पंख्याचं बिल म्हणून हे सांगायचं. सर, तुमची पाळी आमच्या पप्पांनी घेतली. तुम्ही क्षमा मागा.

तो व्हरांड्यातच उभा राहिला. खाली रिक्षावाले केळीची सालं एका म्हशीला देत होते. त्याला नगर परिषदेची पाण्याची टाकी आठवली. वडील तिथे नोकरीला होते, गावाचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं. चौथीत असताना तो वर्गातल्या धीरजकडे सत्यनारायणाचा शिरा खाऊन आला होता. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा समजून उमजून घेतलेल्या, बापाच्या बापापासून घरात चालत आलेल्या. त्यांनी पोराच्या बोटांचा वास घेतला, तूप होतं. मारलं नाही. टाकीच्या लोखंडी जिन्यावरून वर नेलं, इतकं वर की धीरजचं घर काडेपेटीएवढं दिसत होतं. म्हणाले, "खाल्लं त खाल्लं. पण कोण देऊन राह्यलं, काहून देऊन राह्यलं, हे पाहून हात पुढं करत जा. आपल्या लोकाइनं न पाहता लय घेतलं." पुढे आयुष्यभर त्यानं ते वाक्य पाठ ठेवलं आणि बॅनरवर देवांचे, नेत्यांचे, बाबांचे चेहरे कापून कापून चिकटवले, सगळ्यांना सारखीच पांढरी कड देऊन. पाहायचं काम पोटासाठी करता करता पाहायचंच राहून जात असावं. दुपारी त्यानं पाहिलं असतं तर एक माणूस डोळे मिटून, घाम पुसायचा विसरून, परक्या म्हाताऱ्याच्या हातावर रेघ ओढत होता हे त्याला दिसलं असतं. केळी वाटणारे डोळे मिटत नाहीत.

आत वडील जागे झाले होते. तळहात नाकाशी धरून बघत होते. "काय लावलं बे हे?"

"तेल."

"कायचं?"

"ऑलिव्हचं असते म्हणते."

"महाग असते ते," वडील म्हणाले. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन उत्कर्षनं सगळं सांगितलं, शक्य तितक्या हळू, म्हणजे अर्ध्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. रागाची एक लाट चेहऱ्यावर येईल म्हणून तो वाट बघत होता. आलं ते वेगळंच. वडील घाईघाईनं उठून बसायला लागले, सलाईनची नळी ताणली. "मंग मले माह्या खाटेवर ने. लवकर. तो पोट्टा वापस आला अन् पुन्हा मलेच लावून गेला त? मास्तरच्या हक्काचं हाय ते." सिस्टर धावत आली, म्हणाली आता कोणी कुठं हालायचं नाही, सरांना ऑक्सिजन आहे, तो सिलिंडर हलत नाही, त्याचं चाक तुटलं आहे. वडील परत टेकले, पण तेलाचे हात त्यांनी चादरीला लागू दिले नाहीत. दोन्ही तळवे वर करून, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला मिळाल्यासारखे, ते तसेच पडून राहिले. उत्कर्षला त्यांच्याकडे बघवेना. जन्मभर कुणाच्या देवाचं काही न घेतलेला हा माणूस, आणि आता जे लागलंच नव्हतं ते पुसताही येत नव्हतं त्याला.

तेवढ्यात सर कुशीवर वळले. वळायला त्यांना वेळ लागला, एखादा जुना दरवाजा वाऱ्यानं उघडावा तसा. नाकातल्या नळीखालून म्हणाले, "उत्कर्ष, फादर आले काय गा?" चाळीस वर्षं इथे खेळाचा तास घेऊन वसईचा हा माणूस पुरता वऱ्हाडी झाला होता, फक्त पास्कल हे नाव तेवढं वसईला राहिलं होतं.

उत्कर्षकडे दोन वाक्यं तयार होती. एक खरं होतं. दुसरं सोपं होतं, आणि रोज त्याच जातीची वाक्यं मोठ्या अक्षरात छापून त्याचं घर चालत होतं. "येऊन गेले सर," तो म्हणाला. "तुमी झोपेत होते. लावून गेले."

"हातालेही?"

"हाताले बी."

सरांचा चेहरा एवढा सैल झाला की उत्कर्षला आतून बरं वाटलं, कुणीतरी आपल्याला शाबासकी देत आहे असं. आता फक्त हे असंच राहू द्यायचं होतं. सरांनी सावकाश उजवा हात उचलला, नाकाशी नेला. "स्पिरिटचा वास येते," ते म्हणाले. "सिस्टरनं सुई लावली ना मंग," उत्कर्ष म्हणाला, आणि खोटं बोलण्यात आपण किती तयार आहोत याची त्याला भीती वाटली. सरांनी मान हलवली. विश्वास ठेवायची त्यांची इच्छा स्पष्ट दिसत होती. आणि त्याच क्षणी पलीकडून वडील, ज्यांना हळू बोलताच येत नाही, दोन्ही तळवे सरांना दाखवत ओरडले, "मास्तर! तुमचं तेल माह्याकडं हाय! तो पोट्टा चुकून मलेच लावून गेला!"

सरांनी उत्कर्षकडे पाहिलं, मग वडिलांच्या चमकणाऱ्या कपाळाकडे, मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे. आणि हसायला लागले. आवाज नव्हता, फक्त छाती हलत होती आणि नळी वाफेनं धूसर होत होती. "माणिकराव," ते श्वास जोडत म्हणाले, "हवाही घेतली अन् तेलही घेतलं. आता माह्यी पेन्शन तेवढी राह्यली." वडिलांना ऐकू आलं नाही, पण समोरचा हसतो आहे म्हणून तेही हसले. उत्कर्षलाही हसू आलं, ते त्याला थांबवता आलं नाही. मग सरांना खोकला आला, आणि खोकला संपला तेव्हा हसणं कुठेच नव्हतं. त्यांनी उत्कर्षचं मनगट धरलं. खेळाच्या मास्तरांची बोटं, शिट्टी धरून धरून अंगठा चपटा झालेला. "कुठी हाय तो?"

"पोहरादेवीले. गर्दीत बस अडकली. येतो म्हणाले. अन् म्हणाले की मनातल्या मनात क्षमा मागितली तरी चालते."

"चालते," सर म्हणाले. "मले मालूम हाय ते. लहानपणीच शिकवतात." त्यांनी मनगट आणखी घट्ट धरलं. "पण मले एक गोष्ट सांगायची होती गा त्याले. तोंडानं."

"मले सांगा ना सर. मी कोणाले सांगत नाही."

सरांनी त्याच्याकडे चौथीतल्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "तुले सांगून नाही भागत बापू. तुले सांगितलं त गोष्ट होते. त्याले सांगितलं त संपते."

उत्कर्षनं पुन्हा फोन लावला. म्हणाला, हा फोन सरांच्या कानाला लावतो, मी बाहेर जातो, कोणी ऐकणार नाही. फादरना धाप लागली होती. ते म्हणाले की पापनिवेदन फोनवर चालत नाही, समोर असावं लागतं. उत्कर्षला एकदम राग आला. या देशात फोनवर कोर्ट चालतं, लग्नं लागतात, जिवंत असल्याचा दाखला मिळतो, आणि एक म्हातारा माणूस एक वाक्य बोलू शकत नाही? फादर म्हणाले, "मला नियम बदलता येत नाही. मी खाली उतरलो आहे. चालतो आहे."

"कोणीकडे?"

"सगळे येत आहेत त्याच्या उलट."

उत्कर्षला ते दिसलं. नगारे, पांढरे झेंडे, ट्रॅक्टरमधून उतरणाऱ्या बाया, पायांखालची धूळ, लाखभर माणसं एका बाजूला तोंड करून, आणि त्यांच्यातून उलटा येणारा एक चेकचा शर्ट, छातीशी सॅक धरलेला, सॅकमध्ये एक कुपी. प्रत्येक जण त्याला सांगत असणार, भाऊ, देवी तिकडं हाय. मग फादर म्हणाले की एक मोटारसायकलवाला मानोऱ्यापर्यंत सोडतो म्हणतो आहे, आणि बॅटरी संपत आली आहे, आणि पुढचं अर्धवट वाक्य बोलता बोलता फोन बंद झाला.

आता करायचं काही उरलं नव्हतं. उत्कर्षला ही गोष्ट नवी होती. त्याच्या धंद्यात काहीतरी नेहमी करता येतं. चेहरा काळा असला तर उजळ करता येतो, माणूस मेला तर त्याच फोटोला हार घालता येतो, सकाळपर्यंत चौकात लावता येतो. काही वेळापूर्वी, म्हणजे फोन करण्याच्याही आधी, त्याच्या मनानं सरांचा बॅनर बनवून टाकला होता, करडी पार्श्वभूमी, खाली दिवा, आणि मग दिव्याऐवजी क्रॉस. स्वतःच्या वडिलांचाही त्यानं या आठवड्यात दोनदा बनवला होता. ते थांबवता येत नव्हतं, उचकीसारखं होतं. तो स्टूल ओढून दोन खाटांच्या मध्ये बसला. एका बाजूला वर केलेले तळवे, दुसऱ्या बाजूला मनगट धरून ठेवलेला हात. पंखा एकाच बाजूला होता.

सरांनी उशीखालून माळ काढली. लाकडी मणी, मधे मधे झिजून गुळगुळीत. म्हणाले, एक काम करशील काय. या माळेवरच्या प्रार्थनेचे दोन भाग असतात. पहिला एकानं म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी. घरी पहिला ते म्हणायचे, दुसरा बायको. ती गेल्यावर ते दोन्ही एकटेच म्हणत, "पण ते एकट्यानं कॅरम खेळल्यासारखं असते गा. अन् आता दम दोन्हीले पुरत नाही."

"सर, मले येत नाही. अन् आमच्यात..." उत्कर्ष अडखळला.

"तू माननं जरुरी नाही. नुसता माह्यासाठी म्हण. पहिल्या भागात मरियेले नमस्कार हाय, दुसऱ्यात मागणं. आता, अन् मरणाच्या टायमाले, आमा पापी लोकायसाठी देवाकडं शब्द टाक, बस एवढंच."

त्यांनी दुसरा भाग तुकड्यातुकड्यानं सांगितला, उत्कर्षनं मागून म्हटला. 'पापी' या शब्दाशी त्याची जीभ थांबली. कोण देऊन राह्यलं, काहून देऊन राह्यलं. या वेळी त्यानं पाहिलं. देणारा त्याच्यासमोर होता, नाकात नळी होती, त्याचे ओठ निळसर होते आणि तो काही देत नव्हता, मागत होता. उत्कर्षनं तो शब्द म्हटला. सरांनी उच्चार सुधारला. पुन्हा म्हटला. "काय म्हणून राह्यला बे तू?" वडील ओरडले.

"सर पाठांतर घेऊन राह्यले," तो ओरडला.

"मंग नीट घे. मास्तर माणूस हाय." आणि वडिलांनी, कळलं असो वा नसो, स्वतःचे ते तेलाचे हात पोटावर एकमेकांजवळ आणून ठेवले.

पहिले काही मणी उत्कर्ष चुकला. एकदा 'आता' विसरला, तेव्हा सर थांबून म्हणाले, "आता कायले गाळून राह्यला? तेच त जरुरी हाय." मग चाल सापडली. सरांचा भाग घरंगळत यायचा, शेवटच्या नावाशी जरा टेकायचा, तिथे उत्कर्षनं उचलायचं. त्याचा भाग संपला की सरांचा अंगठा पुढच्या मण्यावर. त्याला कधी कुणी आपल्या वाक्याची अशी वाट बघितल्याचं आठवत नव्हतं. खिडकीतलं ऊन खाली उतरून सिलिंडरच्या तुटक्या चाकावर आलं. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की तो दाराकडे बघे, आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाचा जावई, मेहुणा, डबा असे. सरांचा भाग लांबत चालला होता. शब्द तेच, पण त्यांच्यामध्ये जागा पडू लागली होती, त्या जागेत ऑक्सिजनचं पाणी बुडबुडत होतं. उत्कर्ष घाई करत नव्हता. आपल्याला फक्त अर्धंच येतं, हे त्याला एखाद्या मोठ्या नोकरीसारखं वाटायला लागलं होतं.

मग सरांनी नव्या मण्यावर सुरू केलं, नमस्कार केला, पुढचा शब्द घेतला, आणि मधेच थांबले. नेहमीसारखेच. उत्कर्षनं आपलं वाक्य तोंडात आणून ठेवलं, 'आता'सकट. पाणी बुडबुडत होतं. अंगठा मण्यावर होता, चपटा, घट्ट. सिस्टर शुभांगी दुसऱ्या टोकाच्या खाटेवरून इकडे बघून चालायला लागली होती, आणि तिच्या चालण्याचा वेग त्याला आवडला नाही. त्यानं हातानं तिला थांब अशी खूण केली. पहिल्या भागातलं पुढचं त्याला येत नव्हतं, ते सांगायला कोणी नव्हतं, आणि ते पुरं झाल्याशिवाय आपलं म्हणता येतं की नाही, हे त्यानं विचारूनच घेतलं नव्हतं. तो सरांच्या ओठांकडे बघत राहिला, पुढे वाकून, कॅच घ्यायला थांबलेल्या पोरासारखा.

"काय बे," पलीकडून वडील ओरडले, "थांबला काहून?"

"माह्यी पाळी नाही आली अजून," उत्कर्ष म्हणाला.